बंद मीटरवरचं शून्य

मुंबईच्या विमानतळापासून हेलसिंकीपर्यंत ईश्वरी म्हेत्रे रडली. हेलसिंकीला विमान बदलताना सामानाच्या काळजीने जरा वेळ थांबली, आणि पुढच्या विमानात बसल्यावर परत सुरू झाली. शेजारच्या फिनिश आजोबांनी आपल्या वाट्याचं चॉकलेट तिच्यापुढे धरलं, त्यावर तर ती जास्तच रडली. फिनलंडच्या उत्तरेकडच्या त्या शहरात उतरली तेव्हा डोळे इतके सुजले होते की वसतिगृहाच्या दारावरच्या, चेहरा ओळखणाऱ्या यंत्राने तिला ओळखच दाखवली नाही.

दुपारी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात पाइवी नावाच्या नर्सने तिच्या डाव्या कानामागची जागा कापसाने पुसली आणि तिथे एक करडी, नखाएवढी चकती चिकटवली. ईश्वरीने पाणी प्यायलं, खोलीची किल्ली घेतली, खोलीवर जाऊन बॅग उघडली. कपडे कपाटात लावता लावता तिच्या ध्यानात आलं की आपण रडत नाही आहोत. कधी थांबलो तेही कळलं नव्हतं. बॅगेतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा निघाला, त्यावर आईने बांधलेली दोरी होती. तिने दोरी सोडली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

चकतीला फिनिश भाषेत एक लांबलचक नाव होतं. ईश्वरीच्या आईने व्हिडिओवर ती बघितली आणि म्हणाली, "कानामागं टिकली कशाला लावलीय?" त्या दिवसापासून म्हेत्र्यांच्या घरात ती टिकलीच झाली.

तिचं शास्त्र फार अवघड नाही. आपलं माणूस दुरावलं की जे दुखतं आणि बोट दारात चेमटलं की जे दुखतं, त्या दोन्हींच्या वाटा मेंदूत एका ठिकाणी मिळतात. कोंबडीपासून वेगळं केलेलं पिल्लू चिवचिवाट करतं, त्याला अफूच्या जातीच्या औषधाचा अगदी कणभर डोस दिला तर गप्प होतं, हे जुनं निरीक्षण. शरीर स्वतःही असली द्रव्यं बनवतं. आईची कूस, ओळखीची हाक, घरचा वास यांनी ती पाझरतात, आणि हे सगळं एकदम बंद झालं की मेंदूतली ती घंटा वाजत सुटते. टिकली ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून नेमक्या त्या जागेवर सोडते आणि घंटेचा आवाज कमी करते. स्मरणशक्तीला, हिशेबाला, भुकेला ती हात लावत नाही. माणसाला आपली माणसं आठवतात, आपलं त्यांच्यावर प्रेम आहे हेही ठाऊक असतं. फक्त ते ठाऊक असणं टोचत नाही.

परदेशातून आलेली जी मुलं सोडून जातात ती बहुतेक पहिल्या आठवड्यात मोडतात, असं विद्यापीठाला बऱ्याच वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं. म्हणून पहिला आठवडा टिकली, मग पाइवी तिचा जोर रोज थोडा थोडा उतरवणार, अशी योजना होती. सक्ती नव्हती. पण विमानतळावरून सुजलेल्या डोळ्यांनी आलेलं कोण नको म्हणेल?

तर ईश्वरी शहाण्यासारखी रुळू लागली. सायकल घेतली. कपडे धुण्याच्या खोलीत आपली वेळ लावून ठेवायला शिकली. राईच्या पावाला काही चव नव्हती आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. संध्याकाळ होऊनही ऊन हटायचं नाही, तिने पडदा ओढला. शेजारच्या खोलीत व्हिएतनामहून आलेली लिन राहत होती, तिच्याही कानामागे टिकली होती. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून सूप प्यायच्या आणि एकमेकींना आपापल्या घरची माहिती सांगायच्या. माहितीच ती. लिन म्हणाली की तिला लहान भाऊ आहे. ईश्वरी म्हणाली, अच्छा.

आता इथे आपल्याकडच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. परगावी असलेल्या माणसाला आपण वाईट बातमी कळवत नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगू. एकटा आहे, घाबरेल. घरात माणूस आजारी पडतं, कापाकापी होते, बरंही होतं, आणि परगावच्याला ते दिवाळीला आल्यावर पोटावरच्या टाक्यांवरून कळतं. म्हेत्रे मंडळी तासगावची, तिथेही हा नियम कडक होता. पण टिकलीची कीर्ती घरी पोचली आणि नियमच उलटा झाला. पोरीला या आठवड्यात काही लागत नाही ना? मग आत्ताच सांगून मोकळं व्हावं. एरवी अत्यंत विचारी असलेल्या माणसांना हे इतकं पटलं की फोनला जणू रांग लागली.

पहिला फोन तन्वीचा. तन्वी ही शाळेपासूनची मैत्रीण. जिचं डोकं खात ईश्वरीने दोन वर्षं प्रथमेश नावाच्या मुलाचं गुणगान केलं, तीच. तन्वीने खोकून घेतलं आणि सांगितलं की प्रथमेशचं आणि तिचं मार्चपासून जमलंय, घरच्यांची बोलणीही झालीत. "तुझ्या आईच म्हणाल्या, या आठवड्यात सांगून टाक म्हणून," ती म्हणाली. ईश्वरीने बरं केलंस म्हटलं आणि कार्यालय कुठलं घेणार ते विचारलं. तन्वीला आधी सुटल्यासारखं झालं, मग थोडा रागच आला. तिने लवकर फोन ठेवला.

मग आईने कबूल केलं की चिंगी मांजर पळून गेली नव्हती, बाबा गाडी मागे घेत होते तेव्हा चाकाखाली आली. चिंगीसाठी ईश्वरी दहावीच्या सुट्टीत गल्लोगल्ली फिरली होती. बाबा पाठीमागे उभे राहून ऐकत होते, त्यांचा चेहरा पडला होता. ईश्वरी म्हणाली, ठीक आहे बाबा, मागचं दिसत नाही गाडीतून. बाबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी त्या रात्री बऱ्याच वर्षांनी दोन वाट्या बासुंदी खाल्ली, असं आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

बुधवारी दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसूनच फोनवर आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते एका बेदाण्याच्या शीतगृहात मॅनेजर आहेत, शर्टाची घडी मोडू न देता बसायची त्यांना सवय आहे. आई शिक्षिका, ती सुरुवात करण्यात पटाईत, पण त्या दिवशी तिने बाबांनाच कोपराने खुणावलं. शेवटी बाबांनीच सांगितलं. शालन आत्याला घशाचा कॅन्सर आहे. मे महिन्यातच कळलं होतं.

शालन आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत माहेरी परत आली ती आलीच, कारण कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एसटीची परीक्षा देऊन वाहतूक नियंत्रक झाली आणि निवृत्तीपर्यंत तासगावच्या स्टँडवर माइकमागे बसली. आईची शाळा लांबच्या खेड्यात, त्यामुळे ईश्वरीचं बालपण शाळा सुटल्यावर आत्याच्या केबिनमध्ये गेलं. फलाट क्रमांक तीनवर जतला जाणारी गाडी लागली आहे, हे ऐकत ऐकत ती पाढे शिकली. सगळ्या तालुक्याला आत्याचा आवाज माहीत होता आणि चेहरा फारसा कुणाला नव्हता. बाजारात तिने भाव विचारला की भाजीवाले मान वर करून बघायचे.

गाठ नेमकी आवाजाच्या पेटीवर होती. मिरजेच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की पेटी पूर्ण काढावी, म्हणजे जगण्याची शक्यता चांगली. श्वासासाठी गळ्याला भोक राहील आणि बोलणं कायमचं जाईल. पेटी ठेवून नुसतं औषध आणि किरणं दिली तर आवाज कदाचित राहील, पण माणूस राहील की नाही ते निम्मंनिम्मं. ऑपरेशन शनिवारी सकाळी होतं. शुक्रवारी दुपारी भरती व्हायचं, त्याआधी संमतीची सही करायची, आणि आत्या सही करत नव्हती. तिच्या जुन्या घोषणांवरून यंत्रात तिचाच आवाज बनवून देतो, असं हॉस्पिटलातल्या तंत्रज्ञाने सांगितलं होतं, नमुना ऐकवलाही होता. आत्याने तो ऐकून विचारलं होतं, ही बाई कोण?

"आधी सांगितलं असतं तर तू गेली नसतीस," आई म्हणाली आणि रडू लागली.

ईश्वरीने सगळं नीट ऐकलं. डॉक्टरांचं शिक्षण विचारलं, गाठीची अवस्था विचारली. ऑपरेशनच करावं, आकडे स्पष्ट आहेत, असं म्हणाली. आईला पाणी प्यायला सांगितलं. बाबांनी बायकोकडे बघितलं, त्या नजरेत अभिमान होता. पोरगी किती समजूतदार झाली, हे त्यांना त्या क्षणी खरंच वाटलं. ते म्हणाले, "तूच सांग तिला. तुझं ऐकंल ती."

ईश्वरीने फोन ठेवला. खिडकीखाली एक बाई तीन कुत्री घेऊन चालली होती. आपल्या छातीत काही व्हायला हवं हे ईश्वरीला माहीत होतं, जसं गणिताच्या पुस्तकात मागे उत्तर दिलेलं असतं तसं माहीत होतं. तिने वाट बघितली. काही झालं नाही. मग भूक लागली म्हणून तिने भात लावला.

संध्याकाळी तिने आत्याला फोन केला. आत्याचा आवाज घोगरा झाला होता, वाक्याच्या शेवटी तुटत होता. उन्हाळ्यापासून तसाच होता आणि धुळीने बसलाय असं सगळ्यांनी ईश्वरीला सांगितलं होतं. आता कारण कळल्यावर ते लक्षणांशी जुळतंय, एवढं तिला वाटलं. तिने आकडे सांगितले. आत्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"झालं सांगून?" आत्याने विचारलं. "बरोबरच हाय तुझं. डॉक्टरनी पण हेच सांगितलं, तुझ्या बाबानं पण. बरं, एक सांग. माझा आवाज तुला आठवतो का? आधीचा?"

"आठवतो की."

"कसा हुता?"

ईश्वरीने विचार केला. "स्पष्ट," ती म्हणाली.

 मग आत्या म्हणाली की कानामागचं ते काढ आणि मग फोन कर, तोवर मी सही करत नाही. ईश्वरीने समजावलं की तिचं उत्तर बदलणार नाही, आकडे तेच राहणार. "न बदलू दे," आत्या म्हणाली. "पण तुला काय वाटतंय तेच तुला ठाऊक न्हाई, आणि मी ते ऐकून गळा कापून घेऊ होय?" आणि तिने फोन ठेवून दिला. आत्याने तिच्यावर फोन ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

गुरुवारी सकाळी आत्याची अट कळल्यावर आईने दम भरला. टिकली काढायची नाही. त्याला कारणही होतं. शुक्रवारी सकाळी ईश्वरीची मुलाखत होती. लाकडात लिग्निन नावाचं द्रव्य असतं, कागद बनवताना ते वाया जातं, आणि त्यापासून बॅटरी बनवणारी प्रयोगशाळा या विद्यापीठात होती. ईश्वरी एवढ्या लांब आली ती त्या प्रयोगशाळेसाठी. तिथे या वर्षी दोनच विद्यार्थी घेणार होते, मुलाखत एकदाच, आणि निवड झाली नाही तर पुढची दोन वर्षं तिला दुसऱ्याच कुठल्या तरी विषयात काढावी लागणार होती. आत्याला आम्ही बघतो, आई म्हणाली, ती सही करेल, सोमवारनंतर काय काढायचं ते काढ. ईश्वरीला यात चूक दिसली नाही. तिने दोन्ही बाजू मांडून बघितल्या. एका बाजूला मुलाखत, झोप, आईवडिलांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला एक हट्टी म्हातारी होत चाललेली बाई, जिला कुणी ना कुणी समजावणारच. कुठल्याही बाजूने बेरीज केली तरी टिकली राहायला हवी होती.

मग तिला मुलाखतीची तयारी करताना तिसरंच काही आठवलं. सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तिने प्रॅक्टिकलला ॲमीटरची, म्हणजे वीजप्रवाह मोजायच्या मीटरची, वायर जोडायची विसरून सगळी रीडिंगं घेतली होती. काटा शून्यावर होता, तिने प्रामाणिकपणे शून्य, शून्य, शून्य लिहून काढलं. बाईंनी ते खोडलं. वायर नसलेल्या मीटरचं शून्य हे माप नसतं, त्याचा अर्थ एवढाच की मापलेलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. आत्याने विचारलेला प्रश्न तसाच होता. तुला काय वाटतं, हा तिचा खरा प्रश्न होता, आणि ईश्वरीने बंद मीटरवरचा आकडा वाचून दाखवला होता. ती शास्त्राची विद्यार्थिनी होती आणि हे तिला अशास्त्रीय वाटलं. प्रेमाने नव्हे, ओढीने नव्हे, अगदी कोरडेपणाने तिने ठरवलं की हे रीडिंग परत घ्यायला हवं.

पाइवीने तिला पुन्हा पुन्हा विचारलं. जोर हळूहळू उतरवला तर मन सावरतं. एकदम काढलं तर दाबलेलं सगळं एका झटक्यात वर येतं, रात्रभर काही जाणवत नाही आणि सकाळी उसळी येते. उद्या मुलाखत आहे ना? तुम्हाला हे खरंच हवंय?

"हवं की नको, काहीच वाटत नाही," ईश्वरीने सांगितलं. "म्हणूनच काढायचंय."

पाइवीने तिच्या कानामागे काहीतरी थंड लावलं आणि टिकली ओढून काढली. चिकटपट्टी निघताना केस ओढले गेले, तेवढंच दुखलं.

रात्री ईश्वरी नेहमीसारखी झोपली. सकाळी स्वयंपाकघरात गेली तर लिनने तिच्यासाठी चहा करून ठेवला होता आणि कप झाकायला वर बशी ठेवली होती. ईश्वरीने बशी उचलली, कप हातात घेतला आणि तिथेच खुर्चीत बसली. तिला तन्वीचा राग आला, इतका की दात दुखले. मार्चपासून! एप्रिलमध्ये ती तन्वीच्याच खांद्यावर डोकं ठेवून प्रथमेशबद्दल बोलली होती. मग चिंगी आली. मग बाबांचा पडलेला चेहरा आला, आणि आपण त्यांना ठीक आहे म्हणालो हे आठवून तिची तिलाच लाज वाटली. सगळं क्रम सोडून येत होतं, काल सायकलवरून जाताना दिसलेल्या एका रडणाऱ्या मुलाबद्दलही तिला आत्ता वाईट वाटलं. मे महिन्यापासून घरातली सगळी माणसं तिच्यासमोर जेवत होती, हसत होती, तिच्या बॅगेचं वजन करत होती, आणि आत्या हळूहळू आवाज घालवत बाजूला बसून तिच्या कपड्यांना बटणं लावत होती. त्या बटणांचं आठवलं आणि ईश्वरीच्या तोंडून असा आवाज निघाला की लिन दारातून आत आली, तिच्याकडे काही न समजता बघत उभी राहिली, आणि मग तिने चहाचा कप ईश्वरीच्या हातातून हळूच काढून घेतला.

मुलाखत दहाला होती. नऊ वाजता ईश्वरीने आत्याला फोन लावला. आत्याने उचलला. ईश्वरी "आत्या" एवढंच म्हणाली.

"काढलीस," आत्या म्हणाली.

पुढे ईश्वरी नुसती हुंदके देत राहिली. आत्या थांबली. पलीकडे कुणीतरी पिशवीत कपडे भरत होतं, आई मागून काहीतरी विचारत होती, आत्याने तिला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावल्याचा आवाज आला.

"हां, आता सांग," ती म्हणाली. "करू का नको?"

"मला तुझा आवाज पाहिजे," ईश्वरी म्हणाली. नाक वाहत होतं, तिने ते बाहीला पुसलं. "मला घरी आल्यावर तू हाक मारायला पाहिजेस. आणि तू पण पाहिजेस. दोन्हीतलं एक ठेव असं मला नको म्हणायला लावू, मला नाही जमत ते. मी परवा आकडे सांगितले तुला. मी कसं सांगितलं ते?"

"रडू नको म्हणणार न्हाई मी. रड."

"आत्या, तू मरू नको."

आत्याने घसा साफ करायचा प्रयत्न केला, त्याने फारसं काही झालं नाही. ती सावकाश बोलली, प्रत्येक शब्दाला जोर लावून. "मे महिन्यापासनं सगळी मला हिशेब सांगत्यात. वाचशील, वाचशील. तुझा बाबा म्हणतो, आवाजाचं काय घेऊन बसलीस. तो गेला तर यंत्र देतील म्हणं. अगं, माझ्याजवळ दुसरं हाय काय? तेवढं एक हुतं, आणि ते जाणार म्हणून घरात कुणी एक माणूस रडलं न्हाई. कुणीतरी रडायला पाहिजे हुतं. म्हंजे मग जाऊ दे म्हणता येतं."

ईश्वरी रडतच होती. आत्या ते ऐकत राहिली, आणि तिच्या श्वासावरून वाटलं की तिलाही बरं वाटतंय.

"करते सही," आत्या म्हणाली. "उद्या काढून घेऊ देत त्यास्नी. ठेवू आता?"

घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. प्रयोगशाळा सायकलने वीस मिनिटांवर होती. कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले होते, काल संध्याकाळी, टिकलीचा अंमल शिल्लक असताना तिने सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. तिने खुर्चीकडे बघितलं. तोंड धुऊन निघाली असती तर वेळेत पोचली असती, आणि काय सांगावं, सुजलेल्या डोळ्यांनीही निभावून नेलं असतं. तिला ते सगळं हवं होतं, या आठवड्यात पहिल्यांदा ती प्रयोगशाळा तिला खरोखर, पोटातून हवी होती. पण उद्या या वेळेला फोनवर पलीकडून काहीही येणार नव्हतं.

"ठेवू नको," ईश्वरी म्हणाली. "बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल."

 आत्या म्हणाली की शेजारच्या जाधवांनी पाण्याची मोटर बदलली, नवीन मोटर रात्रभर घुं करते, आणि जाधव म्हणतो तुमच्याच कानाला लागते. मग परसातल्या शेवग्याचं निघालं. यंदा शेंगा अशा लागल्यात की फांदी कंपाउंडवर टेकली, आणि पलीकडची ती नवी सून रोज सकाळी चार तोडते आणि वर मलाच विचारते, आत्या, तुम्ही आमटीत गूळ घालता का? स्टँडवरचं कँटीन बदललं, वडा आता पूर्वीसारखा राहिला नाही. आवाज मध्येच जायचा, आत्या थांबून घोटभर पाणी प्यायची आणि जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करायची. ईश्वरी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि फोन कानाला घट्ट धरला. आत्याचं प्रत्येक वाक्य तिला दुखत होतं आणि एकही वाक्य चुकू नये असं वाटत होतं. दहा वाजले. फोन एकदा थरथरला, प्रयोगशाळेकडून निरोप आला होता, तिने तो न वाचता बाजूला सारला. थोड्या वेळाने दुसरा आला.

"अगं, आज तुझं काहीतरी हुतं न्हवं?" आत्याने मध्येच विचारलं. "ती मुलाखत?"

"होती," ईश्वरी म्हणाली. "मग, गूळ घालतेस म्हणून सांगितलंस का तिला?"